वास्तूंची उसनवारी : यवतमाळच्या दुर्गोत्सवाच्या निमित्तानें

वऱ्हाडांतील यवतमाळ हें शहर वर्षाचे अकरा महिने कापसाच्या व्यापारासाठीं आणि उन्हाळ्यांतील पाण्याच्या टंचाईसाठीं ओळखलें जातें. आश्विनाच्या शुद्ध पक्षांत मात्र त्याची ओळख निराळी असते. कलकत्त्याच्या खालोखाल मोठा दुर्गोत्सव आपल्याच गांवीं होतो, असें यवतमाळकर अभिमानानें सांगतात. या दाव्याची मोजदाद करीत बसण्याचें आम्हांस कारण नाहीं. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा या बाजूंनीं मुलांबाळांसह जीं कुटुंबें त्या नऊ रात्रींत शहरांत लोटतात, त्यांसही तिचें अगत्य नसतें. त्यांस देवीचें दर्शन घ्यावयाचें असतें आणि मंडप पाहावयाचे असतात. या मंडपांचा विशेष असा कीं, त्यांतील पुष्कळसे कोणत्या ना कोणत्या प्रसिद्ध वास्तूच्या प्रतिकृति असतात. कोठें दक्षिणेकडील गोपुर, कोठें राजपुतान्यांतील महाल, कोठें हिमालयांतील एखादें देवालय बांबू, कापड आणि लांकडी फळ्या यांच्या साहाय्यानें रस्त्याच्या कडेस उभें राहतें, आणि दसरा उलटल्यावर थोड्याच दिवसांत नाहींसें होतें.

नाटकाचें परीक्षण होतें, चित्राचें होतें, कवितासंग्रहाचें तर तो कोणी वाचला नसला तरी होतें. परंतु हजारों लोक जिचा आस्वाद घेतात आणि घरोघरच्या वर्गणीचे पैसे जिच्यावर खर्चिले जातात, त्या या मंडपकलेचें परीक्षण कोणी मनावर घेऊन केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. तिच्या वर्णनांत एकच विशेषण पुनः पुनः भेटतें, तें ‘हुबेहूब’. हा शब्द स्तुतीचा म्हणून योजिला जातो. तो खरोखर स्तुतीचा आहे कीं काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम प्रतिकृतीच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें मोकळेपणानें बोललें पाहिजे. झरी-जामणीच्या किंवा उमरखेडच्या बाजूच्या एखाद्या शेतकरी घरांतील आजीबाईंस मदुरेचें मीनाक्षीमंदिर पाहण्याचा योग या जन्मीं येण्याचा संभव थोडा. नातवानें बोट धरून तिला जें गोपुर दाखविलें तें कापडाचें असलें, तरी त्यापुढें तिनें जोडलेले हात खरे असतात. अशा मंडपांस नाक मुरडणारे रसिक बहुधा मूळ वास्तु आगगाडीनें किंवा विमानानें जाऊन पाहून आलेले असतात, हेंही लक्षांत ठेवणें बरें. तेव्हां प्रतिकृति ही मुळांतच हीन होय, असा आक्षेप आम्ही घेत नाहीं. आमचा प्रश्न रचनाकारासंबंधीं आहे. मंडळाचा एखादा हौशी कार्यकर्ता अथवा सजावटीचा कंत्राटदार प्रवासास जातो, एखाद्या थोर वास्तूसमोर उभा राहतो, भारावून जातो, आणि ‘यंदा हेंच’ असें मनाशीं ठरवून परततो. त्या क्षणीं त्याला जें लाभलें तें सच्चें असतें. पण गांवीं परततांना तो बरोबर काय आणतो ?

बहुधा तो छायाचित्र आणतो. छायाचित्रांत वास्तूची एक बाजू येते. तिचें वजन, तिच्या आंतला गारवा, तिच्याकडे नेणारी वाट आणि ज्या द्रव्याची ती घडली त्या द्रव्याचा स्वभाव, यांतील कांहींच येत नाहीं. एका द्रव्यांतील वास्तु दुसऱ्या द्रव्यांत आणणें हें एका भाषेंतील ग्रंथ दुसऱ्या भाषेंत आणण्यासारखें आहे. भाषांतरकारास मूळांतील कांहीं सोडावें लागतें, आणि सोडलेल्याच्या जागीं स्वभाषेंतील कांहीं ठेवावें लागतें; त्याची पारख या दोन गोष्टींवरूनच होते. शब्दास शब्द ठेवणाऱ्याचें भाषांतर ‘हुबेहूब’ असतें आणि तें कोणास वाचवत नाहीं.

वास्तूंच्या अशा भाषांतराची परंपरा आपल्या देशांत फार जुनी व सन्मान्य आहे. सांचीचा मोठा स्तूपच घ्या. अशोकाच्या काळीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत, तो विटांचा होता. पुढें त्यावर दगडी आच्छादन चढलें आणि त्याचा व्यास सुमारें १२० फूट व उंची सुमारें ५४ फूट झाली. त्याच्या भोंवतालचा कठडा नीट पाहावा. उभे खांब, त्यांच्या खोबणींत बसविलेल्या आडव्या सूची आणि वरून घातलेली गोलसर उष्णीषाची तुळई, ही सारी योजना सुताराची आहे, पाथरवटाची नव्हे. दगडाला अशा जोडणीची गरज नसते. तोरणांचीही तीच गोष्ट. दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनीं तेथील कोरीवकाम केल्याचा लेखच आहे, आणि त्याच तोरणावरील दुसऱ्या लेखांत राजा श्री सातकर्णी याच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचें दान नोंदलेलें आहे. सातवाहनांचें नांव महाराष्ट्रीयांस परकें नाहीं. लांकूड आणि हस्तिदंत या द्रव्यांवर तयार झालेला हात येथें दगडाकडे वळला. परंतु दगड हा लांकूड म्हणून खपवावा असा त्या हाताचा विचार नव्हता. त्यानें ओळखीचा आकार ठेवला आणि लांकडाचा हलकेपणा सोडून दिला. कठडा माणसाहून उंच व जाडजूड झाला, आणि हस्तिदंताच्या वीतभर तुकड्यावर शोभणारी दाट माणसांची गर्दी मोठमोठ्या तुळयांवर पसरली. आज तोरणाखालीं उभें राहिलें असतां सुताराची आठवण आणि दगडाचा भार हे दोन्ही एकदम जाणवतात. उसनें घेतलेलें येथें लपविलेलें नाहीं.

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, बिबीच्या मकबऱ्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ सालीं वारली आणि १६६० च्या सुमारास तिच्या कबरीवर ही वास्तु उभी राहिली. शहाजादा आझमशहानें आईसाठीं ती बांधविली असें परंपरा सांगते. पण शहाजाद्याचें वय त्या वेळीं सातआठ वर्षांचें होतें, तेव्हां हुकूम कोणाचा असेल याचा तर्क वाचकांनींच करावा. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाचा प्रमुख रचनाकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. मुलानें बापाची कृति समोर ठेवून काम करावयाचें, आणि तेंही कमी पैशांत : याहून अवघड परीक्षा कोणती ? संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला पुरला; मधला सर्व भाग काळ्या दगडाचा, त्यावर चुन्याचा गिलावा. ‘गरिबांचा ताज’ म्हणून या इमारतीची जी थट्टा होते ती दुरून पाहणारांची आहे, आणि दुरून पाहिलें तर ती अगदींच खोटीही नाहीं. आकृति अरुंद आहे. मिनार मुख्य इमारतीस खेटून आल्यासारखे वाटतात. आग्र्याचें छायाचित्र दोन्ही बाजूंनीं दाबून धरावें तसा भास होतो.

परंतु जवळ जावें. चुन्याच्या त्या गिलाव्यावर वेलबुट्टीचें जें काम आहे तें संगमरवराची नक्कल नव्हे. चुना ओला असतांना हाताला जी मोकळीक देतो ती दगड कधींही देत नाहीं, आणि ती मोकळीक कारागिरानें पुरेपूर घेतली आहे. आंत गेल्यावर तर आग्र्याशीं संबंधच तुटतो. ताजमध्यें प्रेक्षकाच्या पातळीवर दिसते ती नांवाची कबर, खरी कबर तळघरांत. येथें प्रेक्षक वर उभा राहतो आणि अष्टकोनी जाळीच्या आंत खालीं, जमिनीच्या पोटांत असलेल्या कबरीकडे वांकून पाहतो. वांकून पाहण्याची ही जी क्रिया आहे तीत एक निराळेंच कारुण्य आहे. मकबऱ्यांत जें उत्तम आहे तें सारें, वास्तुकार आग्रा विसरला तेथें आलें आहे. जें फिकें आहे तें, तो आग्रा आठवीत राहिला तेथें.

मुंबईच्या पूर्वींच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमचा, आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचा, विचार थोडक्यांत आटोपतां येईल. जॉर्ज विटेट यानें तिचा घुमट विजापुरच्या गोलघुमटावरून घेतला, हें प्रसिद्धच आहे. पायाचा दगड १९०५ सालीं बसला, इमारत १९१४ सालीं पुरी झाली, आणि महायुद्धांत लष्करी इस्पितळ म्हणून राबून १९२२ सालीं ती संग्रहालय म्हणून उघडली. बाग, कुर्ल्याचा निळसर व मालाडचा पिवळसर दगड आणि तो पांढरा घुमट यांचा मेळ सुंदर आहे, यांत संशय नाहीं. तथापि गोलघुमटाचा प्राण त्याच्या बाह्याकृतींत नाहीं. १६५६ सालीं वारलेल्या महंमद आदिलशहाच्या त्या कबरीचा प्राण तिच्या पोकळींत आहे : एकही खांब न लावतां, एकमेकींस छेदणाऱ्या कमानींवर तोलून धरलेला सुमारें १२४ फूट आंतर-व्यासाचा घुमट, आणि त्याखालीं अठरा हजार चौरस फुटांची मोकळी जमीन. मुंबईस त्या घुमटाखालीं एक भव्य प्रवेशदालन मिळालें. ती पोकळी विजापुरासच राहिली. विटेटनें सोडलें तें जाणून सोडलें असावें, कारण संग्रहालयास भिंती लागतात. पण आकार आला आणि आशय मागें राहिला, एवढें म्हणावेंच लागतें.

आतां आमच्या जवळचें, नागपुरचें उदाहरण घेऊं. आणि वऱ्हाडांतील वाचक त्याविषयीं उदासीन असणार नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ज्या जागीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवरील स्मारकाचें काम १९७८ सालीं सुरू झालें आणि १८ डिसेंबर २००१ रोजीं राष्ट्रपति के. आर. नारायणन् यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. वास्तुविशारद शिवदान मल यांनीं नमुना घेतला तो सांचीच्याच स्तूपाचा. घुमटाचा डौल तोच, तोरणें त्याच वळणाचीं, राजस्थानांतील धोलपुरचा वालुकाश्मही सांचीच्या दगडाची आठवण करून देणारा. वरवर पाहणारा याला प्रतिकृति म्हणेल. परंतु स्तूप म्हणजे काय, हें ज्याला ठाऊक आहे तो येथें थबकल्यावांचून राहणार नाहीं. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याला आंत नाहींच. भक्तानें बाहेरून प्रदक्षिणा घालावयाची आणि परतावयाचें. नागपुरचा स्तूप पोकळ आहे. त्याच्या घुमटास चारी दिशांस दारें आहेत, आणि हजारों माणसें त्याच्या पोटांत जाऊन बसूं शकतात.

हा फरक स्थापत्यशास्त्राचा नव्हे. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारांत २ मार्च १९३० रोजीं जो सत्याग्रह सुरू झाला, तो पांच वर्षांच्या सुमारास चालूनही तें दार उघडलें नव्हतें. ज्यांस पिढ्यान् पिढ्या देवळाबाहेर उभें राहावें लागलें, त्या लोकांसाठीं उभारावयाच्या स्मारकांत ‘आंत’ नसता, तर सांचीशीं कितीही साम्य साधलें असतें तरी तें स्मारक मुकें झालें असतें. रचनाकारानें आकार दोन हजार वर्षांमागील घेतला आणि त्याचा अर्थ आंतून बाहेर उलटविला. प्रदक्षिणेच्या वास्तूची त्यानें प्रवेशाची वास्तु केली. येथील तोरणांवरील कोरीवकाम सांचीच्या मानानें आंखडत्या हाताचें वाटतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. सिमेंटच्या युगांत हस्तिदंती कारागिराचा हात कोठून आणावयाचा? पण मुख्य गोष्ट साधली आहे, आणि ती छायाचित्रावरून साधली नसती.

म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यांतील लहान लहान गांवांच्या विहारांवर जे घुमट आतां दिसूं लागले आहेत त्यांच्याकडे पाहून मनांत मिश्र भाव येतात. सांचीचें नागपुरास आलें, नागपुरचें गांवीं आलें. हा क्रम स्वाभाविक आणि त्यामागची भावना आदरणीय. परंतु पंधरा-वीस फुटांच्या खोलीवर सिमेंटचा पातळ घुमट चढविला म्हणजे वैशाखांत, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला असतां, आंत बसवत नाहीं. आणि पुष्कळ गांवीं हाच विहार पोरांची अभ्यासिकाही असतो. नागपुरच्या रचनाकारानें ‘या माणसांस कशाची गरज आहे’ हा प्रश्न विचारला होता. गांवच्या गवंड्यानें नागपुरचा घुमट घेतला, तो प्रश्न घेतला नाहीं. दुहेरी छत, उंचावर हवेसाठीं जाळ्या, दक्षिणेस व पश्चिमेस सावलीची पडवी असा विहार सांचीसारखा दिसला नसता कदाचित्. पण दीक्षाभूमीशीं त्याचें नातें अधिक जवळचें असतें.

हें सारें मनांत ठेवून पुनः यवतमाळच्या मंडपांकडे वळूं. कौतुकाची गोष्ट ही कीं, येथील कारागिरांच्या हातांत कौशल्य उणें नाहीं. बांबूचा सांगाडा दोऱ्यांनीं आवळून चाळीस-पन्नास फूट उंच नेणें, वळणदार शिखराची रेषा कापडाच्या ताणानें साधणें, आणि हें सर्व पितृपक्षांतील पावसाशीं झुंजत ठरल्या मुहूर्तास पुरें करणें, हें येरागबाळाचें काम नव्हे. दोष कौशल्यांत नसून तें कोठें खर्ची पडतें यांत आहे. बहुतेक मंडपांत सारें कौशल्य दर्शनी भिंतीवर खर्ची पडतें. महाद्वारांतून आंत पाऊल टाकावें तों नेहमींचा शामियाना, नेहमींचीं झुंबरें आणि नेहमींचा लोखंडी कठडा. मदुरेच्या गोपुराचें मर्म असें कीं, तें मंदिर नव्हेच. तें दार आहे. त्यापलीकडे प्राकारामागून प्राकार, अंधारत जाणारे खांबांचे मार्ग, आणि मग कोठें गाभारा. गोपुर आणलें आणि तो मार्ग आणला नाहीं, तर ग्रंथाचें वेष्टन आणून ग्रंथ घरीं विसरल्यासारखें होतें. दुसरा दोष प्रमाणाचा. मूळ इमारत एक-पंचमांश करावयाची ठरली म्हणजे तिच्यावरील मूर्ति, खिडक्या, कंगोरे हे सर्वही त्याच मानानें लहान केले जातात. परंतु पाहणारा माणूस तेवढाच राहतो. मग ती वास्तु न वाटतां मोठें खेळणें वाटतें. अताउल्लालाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्यालाही तो पुरता सुटला नाहीं, हें आमच्या मंडपकारांचें समाधान !

‘नऊ दिवसांच्या वस्तूविषयीं इतकी चिकित्सा कशाला ?’ असें कोणी म्हणेल. आमच्या मतें नऊ दिवसांची वस्तु म्हणूनच ती अधिक मोकळी आहे. दगडी इमारतींतील चूक पांचशें वर्षें उभी राहते. कापडांतील चूक पुढल्या वर्षीं सुधारतां येते. कलकत्त्याच्या मंडपकारांनीं ही मोकळीक ओळखली, आणि तेथें आतां वास्तूची नक्कल न करतां एखाद्या कल्पनेभोंवतीं रचलेले मंडपही मोठ्या संख्येनें होतात. डिसेंबर २०२१ मध्यें युनेस्कोनें कलकत्त्याच्या दुर्गापूजेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. अर्थात् नकलेचा मोह तेथेंही सुटलेला नाहीं. त्याच २०२१ सालीं लेक टाउन भागांत दुबईच्या बुर्ज खलिफाची उंच प्रतिकृति उभारली गेली. तिच्या लेसर दिव्यांविषयीं वैमानिकांनीं तक्रार केली म्हणून ते दिवे बंद झाले, आणि गर्दी आवरेना म्हणून अखेर मंडपच प्रेक्षकांस बंद झाला. हुबेहूबपणाची परिसीमा ती हीच असावी.

आमच्या रचनाकारांनीं दूरचे प्रवास करूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं मदुरेस जावें, सांचीस तर अवश्य जावें. पण जिल्ह्याच्या अंगणांतही पाहण्यासारखें आहे, आणि तें न पाहतां दूर गेल्यास तेथें काय पाहावें हेंच कळत नाहीं. यवतमाळ-नागपुर रस्त्यावर कळंब येथें चिंतामणीचें देवस्थान आहे. प्रसिद्ध देवळें बहुधा उंच जोत्यावर असतात, भक्तास पायऱ्या चढावयास लावतात. चिंतामणीकडे पायऱ्या उतरून जावें लागतें. देऊळ जमिनीच्या पातळीखालीं असून समोर कुंड आहे, आणि त्या कुंडांतील पाणी बारा वर्षांनीं चढून गणेशाच्या चरणांस स्पर्श करतें अशी लोकांची श्रद्धा आहे. रस्त्यावरचें ऊन, धूळ आणि मोटारींचा कर्कश आवाज एकेक पायरीगणिक मागें पडत जातो, आणि डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोंच आपण देवापुढें असतों. उतरण्यानें मन कसें शांत होतें, हें ज्यानें येथें पायांनीं अनुभविलें आहे, त्याला मंडपांत खरी जमीन खणावी लागणार नाहीं. छत हळूहळू खालीं आणणें, दिवे हळूहळू मंद करणें, बाजूंचें कापड गडद करीत नेणें, एवढ्यानेंही तो परिणाम साधूं शकेल. अशा मंडपास पाहून कोणी ‘अगदीं कळंब !’ असें म्हणणार नाहीं, आणि तरीही तो कळंबचाच असेल.

शहरालगत लोहारा येथें कमलेश्वराचें हेमाडपंती बांधणीचें देऊळ आहे. या बांधणीचें नांव यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्यावरून पडलें असलें तरी ती त्याच्याहून जुनी आहे. तींत चुना न वापरतां घडीव दगड एकमेकांत अडकवून, केवळ वजनाच्या आणि खांचांच्या आधारावर उभे करितात. दगडांत जें वजन तें बांबूंत ताण; चुन्याशिवाय दगड बसविणारा कारागीर आणि खिळ्याशिवाय बांबू बांधणारा कारागीर हे एका कुळींचे आहेत. मंडपाचा सांगाडा उभा राहिला असतां, कापड चढण्यापूर्वीं, संध्याकाळच्या उजेडांत जो देखावा दिसतो तो पुष्कळदां पुऱ्या झालेल्या मंडपाहून सुंदर असतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यांत सांचीच्या कठड्याचा सच्चेपणा असतो. जोडणी जेथें आहे तेथें ती दिसते. नंतर तिच्यावर कापड ताणून, रंग फासून, दगडाच्या खोट्या भेगा रेखाटल्या जातात.

या बाबतींत एक अडचण संधि होऊन आली आहे. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें प्लास्टिक व थर्माकोल यांच्या वस्तूंवर निर्बंध घातले, आणि त्या वर्षीं गणेशोत्सवांतील सजावटीपुरती सवलत देण्यास मुंबई उच्च न्यायालयानेंही नकार दिला. खोट्या नक्षीचें सर्वांत स्वस्त साधन त्यामुळें मंडळांच्या हातून गेलें. त्याच्या जागीं दुसरें एखादें तसलेंच साधन शोधीत बसण्याऐवजीं बुरुडांस बोलावून तट्ट्यांच्या विणीचेच प्रकार दर्शनी भागावर कां मांडूं नयेत ? सागाच्या आणि बांबूच्या वनांचा हा जिल्हा आहे; सुपें, टोपल्या, तट्टे विणणारीं घरें येथें अजून आहेत. विणीची जाळी उलटसुलट केली म्हणजे प्रकाश अडतो किंवा सुटतो, आणि आंतून दिवा लावला असतां जी नक्षी उमटते ती रंगाऱ्याच्या कुंचल्यास साधणारी नाहीं. याचा एखादा प्रयोग करून पाहण्यास मंडळांनीं पुढल्या नवरात्राची वाट पाहावयास नको. वर्गणीच्या पावत्या छापण्यापूर्वीं, आषाढांत केव्हां तरी, एका बुरुडाकडून दहा फुटांचा एक तुकडा विणवून घेऊन रात्रीं त्यामागें दिवा ठेवून पाहिला तरी पुरे. आणि मोजपट्टी घेऊन लोहाऱ्याचें देऊळ मोजून यावयास एका रविवारची सकाळ लागेल.